शिकारीचा पक्षी आणि रानाचा धनी

लाव्यासारख्या मूठभर पक्ष्याला इतिहास कसला, असे श्रोत्यांपैकी कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. इतिहास राजांना असतो, किल्ल्यांना असतो. फार तर वाघाला असतो, कारण मेलेल्या वाघावर पाय ठेवून राजेमहाराजांनी आपली छायाचित्रे काढून घेतली आहेत. पण मला ज्या इतिहासाविषयी बोलायचे आहे तो पक्ष्याचा नव्हेच. तो ‘शिकारीचा पक्षी’ या कल्पनेचा आहे. कोणताही पक्षी जन्मतः शिकारीचा नसतो. कोणीतरी त्याला त्या वर्गात बसवतो. तो कोणत्या महिन्यात मारावा, कशाने मारावा आणि मुख्य म्हणजे कोणी मारावा, हे ठरवतो. हे ठरवणारा कोण, एवढे शोधून काढले म्हणजे रानाचा धनी कोण हेही कळून येते. चांद्याच्या रानापुरता हा शोध घ्यायचा तर थोडी लांबची वाट धरावी लागेल. आपण अमेरिकेवरून चांद्याला येऊ.

तिकडे ‘बॉबव्हाइट’ नावाचा एक लावा आहे. नर वसंतात कुंपणाच्या खांबावर बसून जी शीळ घालतो तिच्यावरून हे नाव पडले. आपण पावश्याला ‘पेर्ते व्हा’ म्हणायला लावतो त्यातलाच हा प्रकार. मार्क केट्सबी या इंग्रज निसर्गाभ्यासकाने अठराव्या शतकात कॅरोलिना प्रांताच्या आपल्या ग्रंथात त्याचे चित्र दिले आणि १७५८ साली लिनीयसने त्याला शास्त्रीय नामावळीत घेतले. वसाहतवाल्यांना हा पक्षी दिसला तेव्हा त्यांनी आपल्या मायदेशातले नाव त्याला चिकटवले; उत्तरेत लोक त्याला लावा म्हणू लागले, दक्षिणेत तितर. वास्तविक तो यांपैकी कोणीच नाही. नव्या जगातल्या या लाव्यांचे कूळच निराळे आहे, आणि शास्त्रज्ञ आता त्यांना वेगळ्या कुळात घालतात.

तरीही आपल्या झुडपी रानातला लावा आणि हा बॉबव्हाइट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आपला लावा त्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा. नराच्या छातीवर पांढरे-काळे आडवे पट्टे, गळा तांबूस, मादी साधी मातकट. दोघेही टोळीने राहतात, जमिनीवर चरतात आणि उडण्याचा शक्यतो कंटाळा करतात. पाऊल अगदी जवळ येईपर्यंत टोळी झुडपाखाली दबून बसते. मग एकदम फटाका फुटावा तशी चहूकडे फुटते, आणि जरा वेळाने विखुरलेली पाखरे हळू शिट्ट्या घालीत पुन्हा एकत्र येतात. बॉबव्हाइटची टोळी रात्री शेपट्या आत आणि चोची बाहेर असे वर्तुळ करून झोपते. मूल हलले तर दारूगोळ्याचे कोठार उडावे तशी ती उडते, आणि बंदूकवाल्याला आनंद होतो तो नेमका या उडण्याचा. दोघांचे रक्ताचे नाते नाही, पण संसार सारखा आहे. म्हणूनच एकाच्या इतिहासाने दुसऱ्याच्या इतिहासावर उजेड पडतो.

आपल्याकडे या पक्ष्याची ओळख फार जुनी. वृकाच्या तोंडातून वर्तिकेला अश्विनीकुमारांनी सोडवले, असा उल्लेख ऋग्वेदात एकदा नव्हे, अनेकदा येतो, आणि वर्तिका म्हणजे लाव्याच्याच जातीची चिमणी बाई. चरकाने तर हितकर पदार्थांची यादी करताना पक्ष्यांच्या मांसात पहिला मान लाव्याला दिला आहे. जातककथांत लाव्यांची टोळी पारध्याचे जाळे घेऊन उडते आणि आपसांत भांडू लागताच सापडते, ती गोष्ट आपण सर्वांनी या ना त्या रूपाने लहानपणी ऐकली आहे. दुसऱ्या एका जातकात वणवा येतो आणि घरट्यातल्या लाव्याच्या पिलापाशी येऊन थांबतो. हा वणवा लक्षात ठेवा. पुढे त्याची गाठ पडणार आहे. या साऱ्या वाङ्मयात पारधी आहे, जाळे आहे, खाणारा आहे. लावा अमक्याने मारावा आणि तमक्याने मारू नये, असा भेद मात्र त्यात नाही.

तो भेद येण्याआधी नावे आली. १७९० साली लंडनमध्ये जॉन लॅथम या पक्षिशास्त्रज्ञाने झुडपी रानातल्या लाव्याला शास्त्रीय नाव दिले आणि त्याचे घर म्हणून मराठ्यांचा मुलूख सांगितला. पुण्यात सवाई माधवराव आणि नागपुरात दुसरे रघूजी भोसले राज्य करीत होते. आपल्या मुलखातला एक लावा विलायतेच्या दप्तरात दाखल झाला हे दोघांच्याही कानी गेले नसेल. पुढे मुंबई सरकारच्या पदरी असलेल्या कर्नल साइक्स यांनी दख्खनची पाहणी करताना १८३२ साली पक्ष्यांची यादी छापली, आणि माळावरचा खडकाळ लावा प्रथम तीत वर्णिला. साइक्स माणसांची गणती करीत, पिकांची करीत, नदीतल्या माशांची करीत; त्याच हाताने त्यांनी लाव्यांची केली. मोजणे आणि मालकी सांगणे ही कामे एकमेकांपासून फार दूर नसतात.

या नामावळीतला मोठा ग्रंथ ह्यूम आणि मार्शल यांचा. भारत, ब्रह्मदेश आणि सिंहलद्वीप येथील शिकारीचे पक्षी असा त्याचा विषय. १८७९ ते १८८१ या काळात तो तीन खंडांत निघाला. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पक्ष्यांवरील त्यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते सिमल्यातल्या घरातून नोकराने काढून बाजारात रद्दीच्या भावाने विकली. पुढे त्यांनी आपला प्रचंड पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. रद्दी विकणाऱ्या त्या नोकराचे राष्ट्रीय सभेवर काही उपकार आहेत की काय, हा प्रश्न मी इतिहासकारांवर सोपवतो.

आता मालकीकडे वळू. इंग्लंडात शिकार हा जमीनदाराचा हक्क होता. १६७१ च्या कायद्याने ठरावीक उत्पन्नाची जमीन नसलेल्या माणसाला सश्या-तितरांवर हात टाकण्याची बंदी केली, आणि ही व्यवस्था १८३१ पर्यंत चालली. अमेरिकेत गेलेल्या लोकांनी हे जोखड मागे टाकले. तेथे रान सर्वांचे आणि पाखरू मारणाऱ्याचे. त्याचा परिणामही लवकरच दिसला. आगगाड्या झाल्या, शहरे वाढली आणि जाळ्यांनी, सापळ्यांनी, बंदुकांनी मारलेले लावे पिंपे भरभरून बाजारात जाऊ लागले. आकाश झाकून टाकणाऱ्या प्रवासी कबुतराचा शेवटचा जीव १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला, तो याच बाजाराच्या पायी. तेव्हा कायदे आले. कनेक्टिकट संस्थानात गीअर नावाच्या माणसावर रानकोंबडे आणि लावे राज्याबाहेर नेण्यासाठी जवळ बाळगल्याचा खटला झाला, आणि १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रानातल्या पाखरांची मालकी सर्व जनतेची असून राज्य ती जनतेच्या वतीने सांभाळते. १९७९ साली त्याच न्यायालयाने हा निकाल बाजूला सारला, पण ‘पाखरू जनतेचे’ हा विचार तेथे रुजला तो रुजलाच. ज्याच्याकडे परवाना घेण्यापुरते पैसे आहेत असा कोणताही माणूस हंगामात लाव्यावर बंदूक चालवू शकतो. परवान्याच्या दारापाशी माणसे अडवली गेली नाहीत असे नाही. काळ्या लोकांना दक्षिणेत कोणत्या दारापाशी अडवीत नसत? पण निदान तत्त्व तरी तसे होते.

आपल्याकडे तत्त्वच उलटे होते. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली आला. १८६१ साली मध्यप्रांत स्थापन झाला. त्यानंतर रानाची वाटणी सुरू झाली. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रान सरकारचे झाले. त्याच १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. त्याने देशी माणसाला बंदुकीसाठी परवाना आवश्यक केला, तर युरोपियनाला नियमांनी त्यातून मोकळे ठेवले. हे दोन कायदे दोन वेगळ्या खात्यांचे म्हणून इतिहासात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. चांद्याच्या रानात उभे राहून वाचले तर ते एकच वाक्य आहे: रान सरकारचे, आणि बंदूक साहेबाची.

लाव्यापुरते पाहिले तर हे वाक्य आणखी स्पष्ट होते. १८८७ च्या रानपाखरांच्या कायद्याने नगरपालिका आणि छावण्या यांच्या हद्दीत विणीच्या हंगामात ताजे मारलेले पक्षी विकण्यास वा जवळ ठेवण्यास मनाई करता येऊ लागली. १९१२ साली अधिक मोठा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात माळढोक, बदके, रानकोंबडे, तितर, मोर, कबुतरे यांच्या रांगेत लावाही बसला आणि त्यांच्यासाठी बंदीचा हंगाम ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. राखीव रानात तर फास वा सापळा लावणे हा आधीपासूनच गुन्हा होता. १९२७ च्या जंगल कायद्याच्या सव्विसाव्या कलमात शिकार, बंदूक, मासेमारी, पाण्यात विष घालणे आणि फास लावणे ही सारी एका ओळीत आली आहेत. नियमांप्रमाणे परवानगी असली की यांतले पुष्कळसे क्षम्य होई. पण शिकारीच्या गटाचा परवाना काढून साहेब आणि त्याचा पाहुणा रानात शिरत. फासे घेऊन परवाना मागायला कोण जाणार, आणि त्याला तो देणार कोण?

फासे ज्यांच्या हातात होते ते लोक म्हणजे फासेपारधी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींचा जो ग्रंथ काढला त्यात पारध्यांच्या कसबाचे वर्णन आहे. तातीचे वा केसांचे फास पाखरांच्या वाटेवर मांडायचे, पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजाने रानातले तितर बोलवायचे, लाव्यांसाठी बारीक जाळे पसरायचे. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जात, म्हणून त्यांना गायपारधी हे नाव पडले. या कामाला रानाची जी जाण लागते तिची बरोबरी साहेबाच्या बंदुकीने होणारी नव्हती; बंदूक चुकली तर दुसरे काडतूस असते, फास चुकीच्या वाटेवर मांडला तर त्या दिवशी चूल पेटत नाही. या लोकांना गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली जन्मतः गुन्हेगार ठरवण्यात आले. पोलीसपाटलापुढे हजेरी, गाव सोडायला परवानगी, अशी कोंडी झाली. भटकल्याशिवाय पाखरू मिळत नाही आणि भटकले की गुन्हा होतो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. शिक्का मात्र गावागावांत अजून पुसलेला नाही, हे आपण सर्व जाणतो.

पूर्वेकडे, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, माडिया आणि गोंड यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांचे पोट पाखरांवर नव्हते. फास, गलोल, तीरकामठा ही त्यांची जोडधंद्याची साधने. त्यांच्यावर कायदा आला तो पाखरांवरून नव्हे, आगीवरून.

आगीच्या या प्रकरणात मला जरा रेंगाळायचे आहे. जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांच्या सीमेवर, थॉमसव्हिल आणि टॅलाहासी या गावांच्या मध्ये उत्तरेतल्या धनिकांनी हिवाळ्यात लावे मारण्यासाठी मोठमोठ्या जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. या जमिनींवरचे लावे कमी होऊ लागले म्हणून त्यांनी १९२४ साली सरकारी पाहणी करवली. पाहणीचे काम हर्बर्ट स्टॉडर्ड यांच्याकडे आले. हे गृहस्थ विद्यापीठाची पायरी न चढलेले, संग्रहालयात पेंढा भरून प्राणी उभे करणारे कारागीर. त्यांनी पाचएक वर्षे लाव्यांची घरटी शोधली, त्यांच्या पोटातले दाणे मोजले, शत्रू पाहिले. निष्कर्ष त्या काळाला धक्कादायक होता. लांब पानांच्या पाइनच्या त्या रानात गावकरी दर हिवाळ्यात गवताला आग लावीत. सरकारी वनाधिकारी ती आग विझवण्याच्या मागे लागले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मोटारींतून चित्रपट दाखवीत आगीविरुद्ध प्रचार चालला होता. स्टॉडर्ड म्हणाले, आग थांबली म्हणून लावा कमी झाला.

कारण साधे आहे. लाव्याचे अंड्यातून निघालेले पिलू अंगठ्याएवढे असते आणि पहिले काही आठवडे त्याला किडे लागतात. त्याला पळायला मोकळी माती हवी, डोक्यावर छत्रीसारखे आच्छादन हवे. जुन्या गवताचा थर साचला की ते पिलू त्यात अडकते. झुडपे दाटली की शेंगावर्गी तण मरते आणि दाणा जातो. हलकी आग हा थर साफ करते. स्टॉडर्डचा ग्रंथ १९३१ साली निघाला, पण आगीचे प्रकरण वनखात्याच्या आक्षेपांमुळे पुन्हा पुन्हा मवाळ करावे लागले. अडाणी गावकऱ्यांचे खरे आणि पदवीधरांचे खोटे, हे छापायला कोणत्याच खात्याला आवडत नाही. पुढे १९५८ साली टॅलाहासीजवळ आगीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र निघाले आणि वनात विचारपूर्वक आग लावणे हे तेथे शास्त्र ठरले.

आपल्याकडे हा प्रवास उलट दिशेने झाला. मध्यप्रांतात वनखाते उभे राहिले तेव्हा त्याचे पहिले मोठे यश म्हणून ज्याचे कौतुक झाले ते १८६४ च्या सुमारास होशंगाबादेकडच्या बोरीच्या रानात कर्नल पिअर्सन यांनी वणवा रोखला त्याचे. सागाचे रोपटे जळू नये हा त्यामागचा हेतू, आणि सागाच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. मात्र त्याबरोबर रान जाळून राख पेरण्याची डोंगरउतारावरची शेती, जिला माडिया पेंदा म्हणतात, तीही गुन्ह्याच्या यादीत गेली. पेंद्याचा तुकडा दोन-तीन वर्षे पिकवून सोडून देत. मग तेथे गवत, तण, झुडूप, शेवटी पुन्हा रान. असे अर्धे उघडे, अर्धे झाकलेले तुकडे म्हणजे झुडपी लाव्याचे घर. माडियांनी ते लाव्यासाठी केले नव्हते, आणि खात्याने ते लाव्याविरुद्ध बंद केले नव्हते. दोघांच्याही हिशेबात लावा नव्हता.

यावरून चांद्याच्या रानाला आगी लावा, असा अर्थ कोणी काढू नये. जॉर्जियाचे पाइन आणि आलापल्लीचा साग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हिवाळ्याची ओली आग आणि एप्रिलचा कोरडा वणवा यांतही आहे. आज मोह वेचण्यासाठी आणि तेंदूला पालवी फुटावी म्हणून लागणाऱ्या आगी पुष्कळदा हाताबाहेर जातात आणि त्यांत जमिनीवरची घरटीही जळतात. जातकातला वणवा पिलापाशी थांबला, प्रत्येक वणवा थांबत नाही. वनखाते फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा हंगाम मानते आणि त्याआधी जाळरेषा काढते, ते योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की आग कोठे, केव्हा आणि किती, हा प्रश्न तेथे एका कारागिराने लाव्याच्या बाजूने विचारला. आपल्याकडे आग विझवायची कशी एवढेच पुष्कळ काळ विचारले गेले.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मला थोडक्यात सांगता येईल, कारण तो कायद्यांचा आहे आणि कायदे आपल्याला परिचित आहेत. ताडोब्यात १९३५ साली शिकार बंद झाली आणि १९५५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लाव्या-तितरांना चौथ्या परिशिष्टात लहान शिकार म्हणून घातले, म्हणजे परवाना काढून ते मारता येत. १९९१ च्या दुरुस्तीने तोही दरवाजा बंद झाला. त्या दिवशी आपल्या देशात ‘शिकारीचा पक्षी’ हा वर्गच कायद्याने संपला. साहेबाची बंदूक आणि पारध्याचा फास एका ओळीत आले. फरक एवढाच की साहेब तोवर केव्हाच निघून गेला होता, आणि पारध्याला जायला दुसरी जागा नव्हती. ज्यांना लावा खायचाच आहे त्यांच्यासाठी १९७४ साली कॅलिफोर्नियातून जपानी लावा इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत आला, आणि आता तो कोंबडीसारखा पिंजऱ्यात वाढतो. रानातल्या लाव्याशी त्याचा संबंध नावापुरता.

बंदीने लावा वाचतो का? अमेरिकेचा अनुभव येथे पुन्हा उपयोगी आहे. तेथे हंगाम आहेत, परवाने आहेत, मर्यादा आहेत. तरी १९६६ पासूनच्या मोजणीत बॉबव्हाइट ऐंशी टक्क्यांहून अधिक घटला आहे. त्याचे आयुष्यच एका वर्षाच्या आत-बाहेरचे. दहांतले आठ पक्षी दरसाल मरतातच, बंदूक असो वा नसो, आणि उरलेल्यांची डझन-दीड डझन अंडी ती तूट भरून काढतात. ती भरून निघत नाही असे झाले ते शेते मोठी झाली, बांध आणि कुंपणे गेली, तण मारणारी औषधे आली, रान एकतर दाट झाले किंवा साफ झाले, म्हणून. आपल्याकडे वरोरा-राजुऱ्याच्या कापसाच्या पट्ट्यात बांध अरुंद होत आहेत, पडीक जमीन कारखान्यांना आणि कोळशाच्या खाणींना जात आहे. हे पाहायला पक्षिशास्त्र लागत नाही.

ताडोब्याच्या आत मात्र एक विचित्र गोष्ट पाहायला मिळते. जामणी, नवेगाव यांसारखी गावे गेल्या काही वर्षांत उठवून बाहेर वसवली गेली. त्यांच्या शेतांची कुरणे झाली. चितळ आले, चितळामागे वाघ आला, वाघामागे प्रवासी. पण कुरण आपोआप कुरण राहत नाही. झुडपे काढावी लागतात, तण उपटावे लागते, नाहीतर रान ते परत घेते. जे काम गावकऱ्यांचा नांगर आणि गुरे फुकट करीत होती, ते आता खाते मजुरी देऊन करवते.

गडचिरोलीत धनीपणाचा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्याने पुन्हा उघडला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि रान कसे राखायचे हे ग्रामसभेने ठरवण्याचा पायंडा पडला. बांबूचे काय करायचे यावर तेथे पुष्कळ खल झाला. लाव्यावर झाला असेल असे वाटत नाही.

तसा खल झाला आहे तो वऱ्हाडात, वाशीम-अकोल्याकडे, आणि तो फासेपारध्यांनी केला आहे. तेथे ‘संवेदना’ या संस्थेबरोबर पारध्यांनी गवताळ पडिकाचे काही तुकडे चराई आणि कुऱ्हाड यांपासून राखले. पावसाळ्यात नाचायला येणारा तणमोर हा दुर्मिळ पक्षी तेथे टिकावा, हा हेतू. ज्या तुकड्यात तणमोर नाचतो त्यात लावा-तितरांनाही आसरा मिळतो. गवत पक्ष्यापक्ष्यांत भेद करीत नाही. या तुकड्यांत फास मांडायचा नाही, हा नियम पारध्यांच्या बैठकीत त्यांनी स्वतः घालून घेतला.